बागेतले खो-खोचे मैदान : मागणी आपली, मैदान सर्वांचे

(बडोद्यातील आपल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभात कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सभासदांना येता आले नाही त्यांच्यासाठी तो येथे देत आहोत.)



तिळगूळ वाटून झाला, हळदी-कुंकूही आटोपले. आता जेवणाची पाने मांडेपर्यंतचा वेळ आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतला आहे. विषय एकच आहे. आपल्या वस्तीतल्या सार्वजनिक बागेत खो-खोचे एक मैदान व्हावे, अशी मागणी महानगरपालिकेकडे करायची आहे. ती मंडळाची मागणी न राहता साऱ्या वस्तीची मागणी व्हावी, म्हणून तुमची मदत हवी आहे.

काही जण मनात म्हणत असतील, पाण्याचा प्रश्न आहे, रस्त्यांचा आहे, मराठी शाळांचा आहे, आणि हे खो-खो घेऊन बसले. खरे आहे, ते प्रश्न मोठे आहेत आणि ते सोडायचे नाहीत. पण दोन खांब आणि थोडी माती एवढीही मागणी आपल्याला नीट मांडता आली नाही, तर मोठ्या प्रश्नांवर आपले कोण ऐकणार? म्हणून या लहान कामाकडे आम्ही परीक्षा म्हणून पाहतो.

सुरुवात आपल्याच घरापासून करतो, कारण या गोष्टीची सुरुवात तिथेच आहे. आपल्या इमारतीच्या मागे एक मोकळी जागा होती. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना ती आठवत असेल. उन्हे उतरली की मोठी मुले माती झाडायची, पाणी शिंपडायची, चुन्याच्या रेघा मारायची. दोन टोकांना दोन खांब कायमचे पुरलेले असत. अंधार पडेपर्यंत ‘खो’चा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आज इथे बसलेल्या कितीतरी आज्यांनी लग्नाआधी त्या मातीत गुडघे फोडून घेतले आहेत, आणि कोण सर्वांत चपळ होते यावर त्या अजूनही भांडतात.

आज त्या जागेवर पेव्हर ब्लॉक आहेत. लग्नसराईत तिथे मांडव पडतो आणि एरवी मोटारी उभ्या राहतात. हे कोणी केले? महापालिकेने नाही, कोणत्या पक्षाने नाही, कोणा बिल्डरनेही नाही. ते आपणच केले, आपल्याच सर्वसाधारण सभेत, एकमताने. त्या भाड्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या निघतात आणि इमारतीची डागडुजी होते, म्हणून तो निर्णय चुकला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या ठरावात शेवटी आणखी एक वाक्य होते. मुलांच्या खेळासाठी पर्यायी जागेची व्यवस्था मंडळ करील, असे ते वाक्य. इतिवृत्ताच्या जुन्या वहीत ते आजही वाचता येते. लग्नाचे बुकिंग आपण त्याच वर्षी सुरू केले आणि पर्यायी जागा मात्र राहून गेली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आता स्वतः आई-बाप झाली आहेत. आज आम्ही उभे आहोत ते त्या एका वाक्याची परतफेड करायला.

आता हाच खेळ का, क्रिकेट का नाही, असे तरुण मंडळी विचारतात. क्रिकेटशी आपले वैर नाही. विजय हजारे ज्या बडोद्याकडून खेळले, ज्या बडोद्याने २०००-०१ साली रणजी करंडक जिंकला, त्या गावात क्रिकेटला कोण नावे ठेवील? पण क्रिकेटला मोठे मैदान लागते, आणि बागेत ते खेळले तर चेंडू कोणाच्या तरी डोक्यात बसतो. खो-खोला चेंडू नाही, बॅट नाही, बूटसुद्धा नाहीत. अधिकृत मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. चारही बाजूंना दीड मीटर मोकळी जागा धरली तर सगळे मिळून ५७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६,१०० चौरस फूट होतात. टेनिसच्या एका कोर्टाला भोवतालच्या जागेसह याहून थोडे जास्तच लागते. लहान मुलांचे मैदान तर आणखी लहान असते. खांब दोन, उंची सव्वा मीटरपर्यंत. आणि एवढ्या जागेत एका वेळी किती मुले खेळतात? आठ जण पाटीवर बसलेले, नववा पाठलाग करणारा, समोरचे तिघे पळणारे आणि त्यांच्यामागे आपल्या तुकडीची वाट पाहणारे बाकीचे गडी. वीस-बावीस मुलांची संध्याकाळ एका मैदानात जाते, आणि कोणाच्याही आई-वडिलांना साहित्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही.

दुसरे कारण बडोद्याचे आहे. खो-खोचे नियम बांधण्याचे पहिले काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास केले, हे आपण ऐकलेले असते. पण त्यानंतर १९२० च्या दशकात हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या या खेळांच्या नियमांना आणि स्पर्धांना वळण लावण्यात बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा वाटा मोठा होता, हे आपल्याच मुलांना माहीत नसते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश केला, तोही बडोद्यातूनच. राजरत्न माणिकरावांनी साऱ्या देशात नावाजलेली व्यायामशाळा चालवली आणि तिला नाव ठेवले आपले उस्ताद जुम्मादादा यांचे. शिष्याने गुरूचे नाव लावताना त्याचा धर्म विचारला नाही. या गावाची व्यायामाची परंपरा अशी आहे. ती आपल्याकडे आहे म्हणून मिरवायला आपल्याला आवडते. पण मिरवण्याला मैदान लागत नाही, खेळायला लागते.

आणि हा खेळ जुना झाला, संपला, असे कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांत आणि महिलांत, दोन्हीकडे भारत जिंकला आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. हे ऐकून टाळ्या पडतात, पडायलाच हव्यात. पण त्याच महिला संघात आपल्या गुजरातची ओपिना भिलार होती, डांग जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. डांगच्या डोंगरातल्या खेड्यात खो-खोला जागा मिळते आणि आपल्या बडोद्यात, जिथे या खेळाचे नियम घासूनपुसून घेतले गेले, तिथल्या आपल्या वस्तीत मुलांना दोन खांब मिळत नाहीत, याची थोडी लाज वाटून घ्यायला हवी.

आता आमच्या हातून काय चुकले ते सांगतो, म्हणजे तीच चूक पुन्हा होणार नाही.

गेल्या वर्षी आम्ही एक अर्ज दिला होता. मंडळाच्या लेटरहेडवर, पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी, बडोद्यातल्या मराठी परंपरेवर दोन पाने लिहून. बरेच दिवस उत्तर नाही, म्हणून चौकशीला गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वर-खाली पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, “तमारा समाजनुं ग्राउंड बनाववुं छे?” आणि दुसरा, “जाळवणी कोण करशे?” आम्ही पहिल्या प्रश्नावर रागावलो आणि दुसऱ्यावर गप्प बसलो. जिना उतरताना आमच्यातले एक जण म्हणाले, आपल्याला मुद्दाम डावलले. दुसरे म्हणाले, आता वर्तमानपत्रात देऊ या. घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा दोन्ही प्रश्न रास्त वाटले.

दोन पाने परंपरेवर लिहिली, पण मैदान कोणासाठी हे त्यात कुठेच नव्हते. वाचणाऱ्याला ती एका समाजाची मागणी वाटली, यात त्याचा दोष नाही. आणि मैदानावर पाणी कोण मारणार, रेघा कोण आखणार, पावसाळ्यानंतर माती कोण सपाट करणार, याचा विचार आम्ही स्वतःही केला नव्हता. पालिका करील, असे धरून चाललो होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ठरवू या. हे मैदान मराठी मैदान नसेल. त्यावर मंडळाचा फलक नसेल, कोणाचा पुतळा नसेल, कुंपण घालून कुलूप लावले जाणार नाही. काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मागच्या बैठकीत स्पष्ट विचारले गेले की खटपट आपण करायची आणि नाव कोणाचेच नाही, हे कसे? त्यांना आमचे नम्र उत्तर असे आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली कमाटीबाग उभी राहिली. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये निघू लागली. यातले काहीही केवळ मराठी माणसासाठी नव्हते. गुजराती प्रजेला गुजरातीतून शाळा मिळाल्या. म्हणूनच आज शंभर वर्षांनंतरही या शहरातला कोणत्याही जातीधर्माचा माणूस महाराजांचे नाव आदराने घेतो. ज्या दिवशी आपण मिळवलेली गोष्ट सर्वांना वापरता येईल, त्या दिवशी त्यावर आपले नाव लिहायची गरज उरणार नाही.

आणि भाषेची काळजी असेल तर ती मैदानावर सोडा. ‘खो’ हा शब्द गुजराती मुलाला, सिंधी मुलीला, उत्तरेकडून आलेल्या कामगाराच्या पोराला शिकवावा लागत नाही. उलट आपलीच इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे पाटी, डाव, गडी, हूल, साखळी हे शब्द तिथे तोंडाने बोलतील. मराठीच्या वर्गाला ती येत नाहीत, हे आपण पाहिलेच आहे.

दुसरी गोष्ट, विरोध कोणाचा आहे ते समजून घेऊ. विरोध करणारे परके नाहीत. बागेत रोज पहाटे फिरणारी जी मंडळी आहेत त्यांत अर्धे तर आज इथेच बसले आहेत. एका काकांनी आम्हाला सांगितले, “धूळ उडेल, मला दमा आहे.” दुसऱ्यांची भीती अशी की आज खो-खो आले, उद्या स्टॉल येतील, परवा मांडव पडतील आणि बाग राहणारच नाही. ही भीती खोटी नाही. ज्यांनी आपल्या मैदानाचे मंगल कार्यालय होताना पाहिले आहे त्यांनी तरी तिला हसू नये.

म्हणून मागणीतच चार अटी लिहून देऊ. एक, झाड एकही तोडायचे नाही. दोन, फिरण्याच्या वाटेपासून मैदान दूर असेल आणि खेळ दुपारनंतरच होईल, पहाटेची बाग फिरणाऱ्यांचीच राहील. तीन, खेळाआधी रोज पाणी शिंपडले जाईल. चार, ही जागा कोणत्याही समारंभाला, सभेला किंवा प्रदर्शनाला भाड्याने द्यायची नाही. आपल्या मंडळालाही नाही. ही चौथी अट आपणहून लिहिली की काकांची अर्धी शंका फिटेल. सार्वजनिक बागेची जागा दुसऱ्या कामाला देण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूरच्या एका प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. तिथे बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती आणि न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. बाग राखणारे आणि मैदान मागणारे यांची बाजू खरे तर एकच आहे. दोघांनाही मोकळी जागा मोकळी राहायला हवी आहे.

जागा निवडताना आणखी एक काळजी घ्यायची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. बागेच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबून राहते हे माळीकाकांना नेमके ठाऊक आहे. तो कोपरा मागायचा नाही. नकाशा काढण्याआधी त्यांना विचारायचे.

तिसरी गोष्ट देखभालीची. इथे आम्ही बाहेरचे एक उदाहरण देतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तुम्ही तिकडे गेलात तेव्हा बागेत फिरताना एक खेळ पाहिला असेल. माणसे एक चपटी प्लास्टिकची तबकडी फेकत झाडांमधून चालतात आणि शेवटी ती साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकतात. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह नावाच्या सार्वजनिक बागेत त्याचे पहिले कायमचे मैदान झाले. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी ते घडवून आणले. पहिल्यांदा तर टोपल्याही नव्हत्या, नुसते खांब होते, तबकडी खांबाला लागली की झाले. आज जगभरात या खेळाची दहा हजारांहून जास्त मैदाने आहेत. त्यांतली बहुतेक अमेरिकेत आहेत आणि पुष्कळशी सार्वजनिक बागांत, फुकट खेळता येण्यासारखी. कालपरवा जन्मलेला हा खेळ एवढा कसा पसरला? त्याने बागेकडे फार थोडे मागितले. झाडे जागच्या जागी राहिली, फिरणारे फिरत राहिले. आणि पुष्कळ ठिकाणी खेळणाऱ्यांचे गट स्वतः येऊन गवत कापतात, कचरा उचलतात, मोडलेले दुरुस्त करतात. बाग सांभाळणाऱ्याला अशी माणसे मिळाली की तो नाही म्हणत नाही.

आपला खेळ त्याहून कितीतरी जुना, आणि त्यालाही खांबच लागतात. फक्त ते खांब आपण वाड्यांच्या, शाळांच्या, मंडळांच्या आवारात पुरले. आवारे गेली तसे खांबही गेले. बागेत ते कधी पुरलेच नाहीत. आता तरी पुरू या, आणि पाणी मारायचा पाइप आपल्या हातात घेऊ या.

म्हणून आज या सभेतून आम्हाला प्रत्यक्ष काय हवे ते सांगतो.

पहिले म्हणजे पाळीची यादी. आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन घरे. एका घराने पाणी मारायचे, रेघा पाहायच्या, दुसऱ्याने खेळ संपेपर्यंत थांबायचे. बाराच घरे पुरतात. पण बारा मराठी घरे नकोत. निम्मी घरे शेजारची हवीत. तुमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या पटेलांना, खालच्या मजल्यावरच्या शेखसाहेबांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही विचारायचे आहे. दिवाळीत फराळाचे ताट ज्या दारी जाते त्या दारी ही यादी न्यायला संकोच कसला?

दुसरे, मुली. हे आम्ही मुद्दाम वेगळे सांगतो. मैदान झाले आणि त्यावर मुलगेच दिसले तर आपण अर्धेच काम केले. मुली येतील त्या आई-आजी तिथे असल्या तर, दिव्याची सोय असली तर आणि बागेतले स्वच्छतागृह संध्याकाळी उघडे असले तर. या तिन्ही गोष्टी अर्जात खांबांच्या बरोबरीने लिहिल्या जातील. महिला शाखेने पाळीच्या यादीत पुढाकार घ्यावा, अशी आमची विनंती आहे. ज्या आज्यांचा चपळाईवरून वाद आहे त्यांनी शिकवायला यावे. वाद मैदानावरच मिटेल.

तिसरे, सह्या. लेटरहेडवरच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या आता बाजूला ठेवू. सह्या बाग वापरणाऱ्यांच्या हव्यात, नाव-पत्त्यासह, गुजरातीत लिहिलेल्या एका पानाच्या अर्जावर. हो, अर्ज गुजरातीतच द्यायचा. ज्याने वाचायचे आहे त्याच्या भाषेत लिहिले तर आपली मराठी कमी होत नाही. त्या पानावर परंपरा एका ओळीत आणि बाकीचे सगळे कामाचे. जागा कोणती, मापे किती, चार अटी कोणत्या, पाळी कोणाकोणाची. फिरणाऱ्या मंडळींची सही सर्वांत आधी घ्यायची. दमा असलेल्या त्या काकांनी सही केली की ती पहिल्या क्रमांकावर लावायची, आणि त्यांनी केली नाही तर पुन्हा त्यांच्याकडे जाऊन त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे.

चौथे, वेळ. नवे आर्थिक वर्ष एप्रिलपासून लागते. त्याआधी महापालिकेचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे आणि मग सर्वसाधारण सभेपुढे जाते. एकदा ते मंजूर झाले की आपल्याला ‘पुढच्या वर्षी पाहू’ हेच ऐकावे लागेल. म्हणून सह्यांचे काम याच महिन्यात संपले पाहिजे. बाग आणि क्रीडांगण पुरवणे हे पालिकेने केलेले उपकार नव्हेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली तिच्यात नगरपालिकांच्या कामांच्या यादीत बागा आणि क्रीडांगणे स्पष्ट लिहिलेली आहेत. आपण मागतो आहोत ते या यादीतले आहे. तरीही उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. पण तो शेवटचा उपाय. आधी भेटायचे, बोलायचे, पुन्हा भेटायचे.

पाचवे, आणि राजकारणाचे. आपल्या वॉर्डातून चार नगरसेवक असतात. आम्ही चौघांनाही भेटणार आहोत आणि निवडणुकीत पडलेल्यांनाही भेटणार आहोत. मंडळात वेगवेगळ्या पक्षांचे लोक आहेत, हे लपवण्यासारखे नाही. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध प्रचार करणारे दोघे जण आत्ता एकाच रांगेत शेजारी बसून तिळगूळ खात आहेत. त्यांच्याकडे पाहून आम्हाला खो-खोची पाटी आठवली. पाटीवर आठ गडी एका रेषेत बसतात, पण एकाचे तोंड पूर्वेला तर शेजारच्याचे पश्चिमेला. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केले तर दुसऱ्या बाजूला पळणारा गडी कधीच हाती लागणार नाही. तेव्हा ज्याचे ज्या पक्षात वजन असेल त्याने तिकडे शब्द टाकावा. अट एवढीच की श्रेयाचा फलक कोणी लावायचा नाही. उद्घाटनाला नारळ फोडायचाच असेल तर तो माळीकाकांच्या हातून फुटू दे.

शेवटचे काम सर्वांत सोपे आहे. परवानगी मिळायची तेव्हा मिळेल. तोवर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बागेतल्या मोकळ्या जागेत, खडूने रेघा मारून मुलांना खेळवायचे. बागेच्या चौकीदाराला आधी सांगून, कोणाची वाट न अडवता. खांब नसतील तर दोन टोकांना दोन बाप उभे राहतील. फिरणारे थांबून पाहतील, पाहणाऱ्यांची मुले आत शिरतील, आणि मग ‘तमारा समाजनुं ग्राउंड’ या प्रश्नाला आपल्याला तोंडाने उत्तर द्यावे लागणार नाही. साहेबांना एका रविवारी नुसते बोलावू.

बंधू-भगिनींनो, पिढ्यान्‌पिढ्या आपण या शहरात राहतो. इथल्या मातीत आपल्या आजोबा-पणजोबांनी घरे बांधली, देवळे बांधली, शाळा काढल्या. आपण मात्र अलीकडे जे होते ते सांभाळण्यात आणि गेले त्याची आठवण काढण्यात रमलो आहोत. दर वर्षी याच सभागृहात बडोद्याच्या जुन्या वैभवावर एक व्याख्यान होते, ते ऐकून आपण खुशीत घरी जातो आणि आपली मुले पेव्हर ब्लॉकवर मोटारींच्या मधून सायकल फिरवत असतात. यंदा व्याख्यान नसले तरी चालेल. यंदा दोन खांब पुरले जाऊ देत.

मराठीत ‘खो’चे दोन अर्थ आहेत. कामात खो घालणारे आपल्याला जागोजागी भेटतात, कधी कधी ते आपल्या घरातच असतात. दुसरा खो म्हणजे बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला उठवणे. खो मिळाला की उठायचे आणि धावायचे, मागे वळून कोणी दिला ते पाहायचे नाही, असा खेळाचा नियम आहे. आज आम्ही तुमच्या पाठीवर हात ठेवला आहे. सह्यांचे कागद आणि पाळीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी तिथून जावे, ही विनंती.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि रविवारी पाच वाजता बागेत या.